खोटे दात आणि खरे हसू



गेली काही वर्षे आम्ही पती-पत्नी विवाहपूर्व मार्गदर्शन शिबिरांत बोलायला जातो. शेवटच्या सत्राआधी एक रिकामी पेटी फिरवली जाते. ज्यांना उघडपणे प्रश्न विचारायला संकोच वाटतो त्यांनी नाव न लिहिता चिठ्ठी टाकावी, अशी पद्धत आहे. बहुतेक चिठ्ठ्या ठरलेल्या असतात. सासू-सुनेचे कसे जमवावे, पगार कोणाच्या हातात द्यावा, लग्नानंतर वेगळे राहिले तर चालेल का, वगैरे. मागे एका शिबिरात मात्र एक वेगळी चिठ्ठी निघाली. मजकूर साधारण असा होता : माझे पुढचे काही दात खोटे आहेत. घरच्यांनी ते सांगू नको म्हटले आहे. होणाऱ्या जोडीदाराला सांगायलाच हवे का? नाही सांगितले तर पाप लागेल का?

चिठ्ठी वाचली तसे मागच्या बाकांवर कोणीतरी फिसकन हसले. मग चार-पाच जण हसले. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. आम्हाला हसू आले नाही. कारण ही चिठ्ठी काही वर्षांपूर्वी आमच्याच घरातून येऊ शकली असती. त्या दिवशी वेळ संपत आली होती आणि आम्ही जे उत्तर दिले ते अपुरे होते. चिठ्ठी लिहिणारी व्यक्ती मुलगा होती की मुलगी, हे आम्हाला आजही ठाऊक नाही. येत्या ९ फेब्रुवारीला संत अपोलोनियाचा स्मरणदिन आहे. दातांचे दुखणे असणाऱ्यांची ती आश्रयदाती संत. या निमित्ताने ते राहिलेले उत्तर पूर्ण करावे असे वाटले.

आमची गोष्ट

आमच्यातील पत्नीला तेविसाव्या वर्षी हिरड्यांचा आजार झाला. दात किडलेले नव्हते, दिसायला पांढरेशुभ्र होते; पण मुळाशी हाड झिजत गेले आणि दात हलू लागले. काही घराण्यांत हा आजार ऐन तारुण्यात येतो आणि पुढचे दात व पहिल्या दाढा यांनाच आधी धरतो. हे आम्हाला फार उशिरा समजले. डॉक्टरांकडे जाईपर्यंत वरचे पुढचे चार दात आणि दोन दाढा वाचण्यापलीकडे गेल्या होत्या. ते काढले, माप घेतले आणि काढता-घालता येणारी कवळी बसवली.

कवळी बसवल्यावर सगळे पूर्ववत होईल असे घरच्यांना वाटले. तसे झाले नाही. टाळूवर प्लास्टिकचा पातळ पत्रा आला. चहा गरम आहे की कोमट हे नीट कळेना. सुकेळी तर सोडाच, साधी भाकरीही चावताना कवळी उचलली जाई. सर्वांत जड गेले ते बोलणे. मराठी व्याकरणात त, थ, द, ध, न यांना दंत्य वर्ण म्हणतात. जीभ दाताला टेकल्याशिवाय ते उमटत नाहीत. ज्याचे दात गेले, त्याचे आधी हेच वर्ण पळून जातात. 'देव' हा शब्दही दंत्य वर्णानेच सुरू होतो. ती तेव्हा रविवारच्या मिस्सेत पहिले वाचन करीत असे. एका रविवारी वाचताना 'स'चा शिट्टीसारखा आवाज आला, पुढच्या बाकावरची मुले खुदकन हसली, आणि त्यानंतर तिने वाचन सोडले. पुढे पुढे ती मागच्या बाकावर बसू लागली. कम्युनियन घेताना पवित्र भाकर टाळूच्या त्या पत्र्याला चिकटे, जिभेने सोडवताना तिला आपण प्रभूचा अपमान करतो की काय अशी भीती वाटे. हसताना हात आपोआप तोंडावर जाई. हे सर्व वयाच्या चोविसाव्या वर्षी.

याच सुमारास आमची स्थळे जुळली. तिच्या आईने प्रेमापोटीच सांगितले होते, "दात बसवलेत ना, मग कशाला सांगायचे? कुणाला कळणार आहे?" दोनदा भेट झाली, दोन्ही वेळा ती काही बोलली नाही. साखरपुड्याची तारीख ठरली, तेव्हा तिसऱ्या भेटीत ती म्हणाली, "तुम्हाला एक सांगायचे आहे. माझे वरचे पुढचे दात माझे नाहीत. कवळी आहे. रात्री काढून ठेवावी लागते."

आमच्यातील पतीने तेव्हा काय केले, हे लिहिताना आजही संकोच वाटतो. तो "बरं" म्हणाला, आणि चार दिवस काही कळवले नाही. त्या चार दिवसांत त्याने मित्राला विचारले, मोठ्या भावाला विचारले. ती मात्र त्या चार दिवसांत रोज सकाळी आरशासमोर कवळी हातात घेऊन बसत असे. हे तिने पुढे कितीतरी वर्षांनी सांगितले. पाचव्या दिवशी तो आला. त्याच्या मनात दातांचा प्रश्न उरला नव्हता. दुसराच प्रश्न उभा राहिला होता. त्याच्या घरावर कर्ज होते आणि ते त्याने तिला सांगितलेले नव्हते. तिने सांगितलेली गोष्ट तिच्या हातात नव्हती, आणि त्याने लपवलेली गोष्ट तिच्या सर्व संसारावर परिणाम करणारी होती. त्या दिवशी त्याने कर्जाची गोष्ट सांगितली. आमच्या लग्नाला वीस वर्षे उलटून गेली. त्या चार दिवसांबद्दल तिने क्षमा केली आहे. विसरली आहे असे नाही.

ही कोणाची चूक?

पाय मोडला तर लोक विचारतात, "कसे झाले हो?" दात गेला तर विचारतात, "घासत नव्हतीस का?" केस पांढरे झाले तर वय झाले म्हणतात, तरुण माणसाचे दात गेले तर त्याच्या सवयींवर, घरच्या वळणावर बोट ठेवले जाते. योहानच्या शुभवर्तमानातील नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला पाहून शिष्य प्रभूला नेमके हेच विचारतात : पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभू दोन्ही पर्याय नाकारतो. त्याला दोषी शोधायचा नसतो, त्या माणसाला बरे करायचे असते.

दात जाण्याची कारणे अनेक आहेत. दुचाकीचा अपघात, क्रिकेटचा चेंडू, मधुमेह, हिरड्यांचा आजार, जन्मतःच काही दात न येणे. काही कारणे माणसाच्या हातची आहेत, हेही खरे. आपल्या आज्या मिसरी लावत, आणि आज टपरीवर गुटख्याच्या पुड्या मिळतात. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी असूनही मिळतात. तरुणांनी यातून सुटावे म्हणून आपण बोललेच पाहिजे. पण आणखी एक कारण आहे, त्याबद्दल आपण फारसे बोलत नाही. गरिबाच्या दाढेला कीड लागते, तेव्हा मुळाचा उपचार करून दात वाचवायला अनेक फेऱ्या आणि पुष्कळ पैसे लागतात. दात उपटायला एक फेरी आणि थोडे पैसे. मग तो म्हणतो, "काढून टाका." ज्याच्या तोंडात वयाच्या तिशीत सहा दात नाहीत, त्याने आळस केला असे आपण म्हणतो. त्याने सहा वेळा मुलांची फी आणि आपला दात यांत निवड केली असेल, हे आपल्या ध्यानात येत नाही.

हे दुःख किती मोठ्या प्रमाणावर आहे पाहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ सालच्या अहवालानुसार जगातील सुमारे साडेतीन अब्ज लोकांना तोंडाचा कोणता ना कोणता विकार आहे. वीस वर्षांवरील माणसांपैकी सुमारे ७ टक्के लोकांच्या तोंडात एकही दात उरलेला नाही. साठीनंतर हेच प्रमाण २३ टक्क्यांवर जाते. म्हणजे कवळी घालणारा माणूस एकटा नसतो. फक्त सर्वांनी तोंड मिटलेले असल्यामुळे प्रत्येकाला आपण एकटेच आहोत असे वाटते.

अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांचे दात विशीतच जाऊ लागले होते. १७८९ साली त्यांनी अध्यक्षपदाची शपथ घेतली तेव्हा त्यांच्या तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता. त्यांची कवळी लाकडाची होती अशी दंतकथा आहे, पण ते खरे नाही. पाणघोड्याचे हस्तिदंतासारखे दात, धातू आणि माणसांचे दात यांपासून त्यांच्या कवळ्या बनवलेल्या होत्या. १७८४ साली त्यांच्या हिशेबवहीत गुलामांकडून नऊ दात विकत घेतल्याची नोंद आहे. पुढे १८१५ साली वॉटर्लूच्या लढाईनंतर रणांगणावर पडलेल्या सैनिकांचे दात काढून कवळ्यांसाठी विकले गेले. एकाचे हसू सजवण्यासाठी दुसऱ्याचे तोंड रिकामे करण्यात आले. आज आपल्या कवळीतले दात कारखान्यात घडतात, ते कोणाच्या तोंडातून काढलेले नसतात. कवळी हातात घेऊन जे रोज सकाळी खिन्न होतात त्यांनी एवढ्यासाठी तरी देवाचे आभार मानायला हरकत नाही.

खोटा दात म्हणजे खोटेपणा का?

आता चिठ्ठीतल्या मूळ प्रश्नाकडे वळू. आपल्या भाषेनेच थोडा घोटाळा केला आहे. आपण 'खोटे दात' म्हणतो, आणि खोटे म्हटले की पाप आठवते. शिवाय दाखवायचे दात वेगळे आणि खायचे दात वेगळे, ही म्हण आपण दांभिक माणसासाठी वापरतो. पण कवळी घालणाऱ्याचे दाखवायचे आणि खायचे दात एकच असतात! दांभिक माणूस जे नाही ते असल्याचे भासवून दुसऱ्याकडून काही उकळतो. कवळी घालणारा फक्त भाकरी चावू पाहतो, नीट बोलू पाहतो आणि चारचौघांत मान वर करून बसू पाहतो.

संत थॉमस अक्विनास यांनी तेराव्या शतकात या प्रश्नाचा विचार केला होता, हे वाचून आम्हाला आश्चर्य वाटले. साजशृंगार करणे पाप आहे का, याची चर्चा करताना ते एक भेद सांगतात. नसलेले सौंदर्य असल्याचे भासवणे वेगळे, आणि आजारपण किंवा तशाच कारणाने आलेले वैगुण्य झाकणे वेगळे. दुसरी गोष्ट योग्यच आहे, असे ते म्हणतात. त्यासाठी ते आधार घेतात संत पौलाचा. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात पौल शरीराच्या अवयवांबद्दल लिहितो. जे अवयव आपल्याला कमी मानाचे वाटतात त्यांना आपण अधिक मान देतो, अधिक जपून झाकतो, असा त्याचा आशय आहे. म्हणजे झाकणे हा अवयवाचा अपमान नसून तो त्याला दिलेला मान आहे.

याच्याही मागे जाऊ. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात आदाम आणि एवा दोन गोष्टी करतात. अंजिराची पाने शिवून नेसतात, आणि देवाची चाहूल लागताच झाडांमागे लपतात. पुढे देव काय करतो? लपलेल्यांना तो हाक मारून बाहेर बोलावतो. पण त्यांना उघडे ठेवत नाही. चामड्याची वस्त्रे करून तो स्वतः त्यांना नेसवतो. आम्हाला वाटते, आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर इथे आहे. झाकणे आणि लपणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झाकण्याला देवाने स्वतः हातभार लावला. लपण्यातून मात्र त्याने माणसाला बाहेर काढले. कवळी हे वस्त्र आहे. ते घालून चारचौघांत येता आले, तर ती देवाची देणगी समजावी. पण ती घालूनही आपण झाडामागेच उभे असू, तर मात्र हाक आपल्यासाठी आहे.

मग सांगायचे की नाही?

इथे दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. एक, न सांगितले तर पाप का? दोन, न सांगितले तर प्रेम का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ख्रिस्तसभेच्या शिकवणीत स्पष्ट आहे. सत्य न सांगणे आणि असत्य सांगणे या सारख्या गोष्टी नाहीत. कॅथलिक श्रद्धेच्या शिक्षणग्रंथात (क्रमांक २४८८ व २४८९) सांगितले आहे की सत्य उघड करण्याचे बंधन प्रत्येकाशी आणि प्रत्येक वेळी नसते; ज्याला ते जाणून घेण्याचा हक्क नाही त्याला ते सांगायला कोणी बांधलेले नाही. शेजारणीला, ऑफिसातल्या सहकाऱ्याला, लग्नात भेटलेल्या लांबच्या मावशीला आपल्या तोंडाचा हिशेब देण्याची गरज नाही. कोणी आगाऊपणे विचारले तर विषय बदलावा. यात पाप नाही.

जोडीदाराचे काय? १९८३ सालच्या ख्रिस्तसभेच्या कायद्यात कलम १०९८ आहे. संमती मिळवण्यासाठी मुद्दाम फसवणूक केली, आणि ती अशा गुणाबद्दल असेल की ज्यामुळे वैवाहिक सहजीवन मुळातच गंभीरपणे बिघडू शकते, तर तो विवाह अवैध ठरतो. चार दात नसणे ही त्या प्रकारची गोष्ट नाही, असे आम्हाला वाटते. दातांमुळे संसार मोडू नये, आणि मोडत असेल तर तो दातांमुळे मोडलेला नसतो. तेव्हा चिठ्ठी लिहिणाऱ्या मित्रा किंवा मैत्रिणी, तू गप्प राहिलास वा राहिलीस म्हणून तू मोठे पाप केलेस असे समजून रात्री जागू नकोस. मात्र थेट विचारल्यावर "नाही" म्हणू नकोस. तिथे मौन संपते आणि खोटे सुरू होते.

दुसरा प्रश्न मात्र कायद्याने सुटत नाही. विवाहात आपण एकमेकांना केवळ दिवसाचे रूप देत नाही, रात्रीचेही देतो. कवळी रात्री काढावीच लागते. हिरड्यांना आणि टाळूला विश्रांती हवी असते. ज्याला सांगितलेले नाही त्याच्या शेजारी झोपायचे म्हणजे एकतर कवळी रात्रंदिवस तोंडात ठेवायची, नाहीतर दिवा मालवल्यावर चोरासारखी काढायची आणि पहाटे त्याच्या आधी उठायचे. असे वर्षानुवर्षे जगणारी माणसे आहेत. त्यांच्याबद्दल आम्हाला राग नाही, कीव येते. ज्या घरात माणसाने मोकळा श्वास घ्यायचा, तिथेच पहारा सुरू होतो.

पोप जॉन पॉल दुसरे हे क्रॅकोचे साहाय्यक बिशप असताना १९६० साली त्यांचे 'प्रेम आणि जबाबदारी' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी लज्जेविषयी फार खोल विचार मांडला आहे. लाज ही वाईट गोष्ट नाही. माणसाला कोणी वस्तू म्हणून पाहू नये यासाठी ती आत्म्याची राखण करते. आणि जिथे खरे प्रेम असते तिथे लाज नाहीशी करावी लागत नाही, प्रेमच तिला आपल्यात सामावून घेते. आम्ही हे तेव्हा वाचलेले नव्हते, पण अनुभवले मात्र. लग्नानंतर पहिल्यांदा तिने त्याच्यासमोर कवळी काढली तेव्हा तिने पाठ फिरवली होती. आज ती ग्लासात ठेवलेल्या कवळीकडे बोट दाखवून "जरा पाणी बदला हो," म्हणते. या दोन वाक्यांच्या मधला काळ म्हणजे आमचा संसार.

एक आक्षेप आम्हाला ठाऊक आहे. सांगितल्यावर स्थळ मोडले तर? होय, मोडू शकते. आम्ही तुम्हाला खोटा धीर देणार नाही. आमच्याच गोष्टीत ते चार दिवस टांगणीला लागले होते. त्यातही मुलीच्या बाबतीत समाज अधिक कठोर असतो. मुलाचे टक्कल चालते, मुलीचा दात चालत नाही. म्हणून आमचे म्हणणे असे : पहिल्या भेटीतच सांगायची घाई नको. अनोळखी माणसाला आपली जखम दाखवण्याचे बंधन नाही. पण शब्द देण्याआधी, साखरपुड्याआधी सांगावे. शांतपणे, दोन वाक्यांत, क्षमा न मागता सांगावे. कारण हा गुन्ह्याचा कबुलीजबाब नाही, आपल्या आयुष्यातली एक गोष्ट आपण त्याच्या हाती सोपवत आहोत. आणि ऐकणाऱ्याला आमच्यातील पतीचा सल्ला आहे : चार दिवस लावू नकोस. लगेच उत्तर सुचत नसेल तर एवढे तरी म्हण, "सांगितलेस, बरे केलेस." आणि घरी जाऊन आपण स्वतः काय सांगितलेले नाही, हे आठव.

एक झाकण उघडलेच पाहिजे

झाकण्याला मान आहे असे म्हटले, पण त्याला एक मर्यादा आहे. काही बायकांचे दात हिरड्यांच्या आजाराने जात नाहीत. नवऱ्याच्या हाताने जातात. मग "बाथरूममध्ये पाय घसरला" असे सांगितले जाते, कवळी बसते आणि सारे झाकले जाते. इथे झाकली जाते ती जखम नव्हे, जखम करणाऱ्याचा हात. आपली जखम झाकणे हा आपला हक्क आहे. दुसऱ्याचा अन्याय झाकणे हे आपले कर्तव्य नाही. अशा वेळी बोलणे म्हणजे घराची अब्रू घालवणे नव्हे. २००५ सालचा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा अशा भगिनींसाठीच आहे. धर्मगुरूंकडे, सिस्टरांकडे, विश्वासू मैत्रिणीकडे, पोलिसांकडे, कुठेतरी बोला. आणि आपण शेजाऱ्यांनी "पाय घसरला" हे तिसऱ्यांदा ऐकल्यावर मान डोलवून पुढे जाऊ नये.

दात नसलेली संत

अलेक्झांड्रिया शहरात इ. स. २४९ च्या सुमारास ख्रिस्ती लोकांविरुद्ध दंगल उसळली. त्या शहराचे बिशप डायोनिसियस यांनी तिची हकीकत अंत्युखियाच्या बिशपना पत्राने कळवली, आणि युसेबियस यांनी आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासात ती जतन केली. जमावाने अपोलोनिया या कुमारिकेला पकडले, तोंडावर मारून तिचे दात पाडले, आणि श्रद्धा नाकार नाहीतर जिवंत जाळू असे धमकावले. तिने श्रद्धा नाकारली नाही.

पत्रात अपोलोनिया वयस्क स्त्री आहे. पुढच्या काळातल्या चित्रकारांनी मात्र तिला तरुण, देखणी आणि मिटल्या ओठांची रंगवली. हातात चिमटा आणि चिमट्यात एक दात. संतांच्या तोंडातही पडलेले दात पाहणे आपल्याला जड जाते, ते असे! म्हणून आम्हाला वाटते, ९ फेब्रुवारीला तिची प्रार्थना करताना त्या मिटलेल्या ओठांमागचे खरे तोंड डोळ्यांपुढे आणावे. रक्ताळलेले, बोळके, आणि तरीही 'नाही' म्हणू शकणारे. दंत्य वर्ण गेले असतील. साक्ष गेली नाही.

संत ऑगस्टीन यांनी 'देवाचे नगर' या ग्रंथाच्या शेवटच्या भागात पुनरुत्थित शरीराबद्दल लिहिले आहे. हुतात्म्यांचे तोडलेले अवयव त्यांना परत मिळतील, पण ख्रिस्तासाठी सोसलेल्या जखमांच्या खुणा कदाचित त्यांच्या शरीरावर दिसतील. त्या व्यंग म्हणून नव्हे, तर मानाच्या खुणा म्हणून, असा त्यांचा विचार आहे. आणि स्वतः प्रभूचे काय? पुनरुत्थानानंतर तो थॉमससमोर आला तो जखमांच्या खुणा घेऊनच. त्या त्याने सर्व जगाला दाखवत फिरवल्या नाहीत. बंद दाराआड, आपल्या माणसांना दाखवल्या. आमच्या मते चिठ्ठीला याहून चांगले उत्तर नाही. जखम रस्त्यावर मांडायची नसते आणि प्रिय माणसापासून लपवायचीही नसते.

दोन शब्द व्यवहाराचे

ज्यांना नुकतीच कवळी बसली आहे त्यांनी पहिले काही आठवडे धीर धरावा. मऊ पदार्थांपासून सुरुवात करावी, घास लहान घ्यावा, दोन्ही बाजूंनी चावावे. रोज थोडा वेळ मोठ्याने वाचावे, म्हणजे जीभ नवी जागा शिकते. बायबल वाचले तर एका कष्टात दोन लाभ. रात्री कवळी काढून साध्या पाण्यात ठेवावी, उकळत्या पाण्यात टाकू नये, ती वाकडी होते. दात काढलेल्या जागेचे हाड झिजत जाते, त्यामुळे कवळी काही काळाने सैल होते. तो तुमचा दोष नाही. डॉक्टरांकडून ती पुन्हा नीट बसवून घ्यावी. कम्युनियन टाळूला चिकटले तर घाबरू नये. लाळेने ते मऊ होते, जिभेने हळूच सोडवावे. जो प्रभू गाईच्या गोठ्यात जन्माला यायला लाजला नाही, तो प्लास्टिकच्या पत्र्याला लाजणार नाही.

आणि बाकीच्यांसाठी एकच विनंती. चर्चमध्ये कोणी हसताना तोंडावर हात धरत असेल तर "काय झाले?" असे चारचौघांत विचारू नका. वाचन करणाऱ्याचा एखादा शब्द घसरला तर पुढच्या बाकावरून हसू नका, मुलांनाही ते शिकवा. आमच्या घरातले वाचन अकरा वर्षांनी पुन्हा सुरू झाले, तेव्हा मिस्सेनंतर एका वृद्ध आजींनी तिचा हात धरून एवढेच म्हटले, "तुझा आवाज ऐकून बरे वाटले गं." आजींच्या तोंडात एकही दात नव्हता. त्या कधीच कवळी लावत नसत, आणि चर्चमध्ये सर्वांत मोकळे त्याच हसत.

चिठ्ठी लिहिणाऱ्या मित्रा किंवा मैत्रिणी, त्या दिवशी सभागृह हसले तेव्हा तू कुठेतरी त्याच बाकांवर होतास वा होतीस, कदाचित सगळ्यांबरोबर हसण्याचे नाटकही करावे लागले असेल. त्या हसण्याबद्दल आम्ही सर्वांच्या वतीने क्षमा मागतो. तुझे दात खोटे असतील. तू खोटा नाहीस, खोटी नाहीस.

हे प्रभो, आमची लाज तुला ठाऊक आहे. ती झाकण्यासाठी तू वस्त्र दिलेस, आणि झाडामागून बाहेर येण्यासाठी हाक दिलीस. आम्हाला दोन्हींचा स्वीकार करायला शिकव. दुसऱ्याने आपली जखम आमच्या हाती सोपवली, तर ती जपण्याइतके आमचे हात मऊ कर. आमेन.